ड्रम उघडण्याआधी पाणी: ब्रेक-क्लचच्या धुळीपासून नव्या मेकॅनिकने स्वतःला कसं जपावं

गॅरेजमध्ये नव्याने लागलेल्या मुलाच्या वाट्याला एक काम हमखास येतं. मेस्त्रीने चाक उतरवून ड्रम ओढला की हेल्परने कंप्रेसरचा पाइप उचलायचा आणि आतली काळी-करडी धूळ हवा मारून उडवायची. दोन मिनिटांत शू (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे तुकडे) आणि प्लेट स्वच्छ दिसतात, मेस्त्री खूश होतो, आणि मुलगा तोंडावरची धूळ बाहीने पुसून पुढच्या चाकाकडे वळतो. कुर्ला-कलिनाच्या सीएसटी रोडवर, वडाळ्याच्या ट्रक टर्मिनलजवळ, उपनगरातल्या रिक्षाच्या गॅरेजांत हे रोज दिसतं. त्या धुळीत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, आणि ते छातीत गेलं की परत बाहेर काढायचा कोणताही उपाय वैद्यकशास्त्राकडे नाही.

आयटीआयमधून मोटर मेकॅनिकचा ट्रेड करून नुकतेच गॅरेजमध्ये गेलेले, हेल्पर म्हणून शिकणारे, किंवा गाळा घेऊन स्वतःचं छोटं गॅरेज टाकणारे, अशांसाठी हा लेख आहे. यातल्या बऱ्याचशा गोष्टी बादली, फवारा आणि फडक्यावर भागतात. मी सगळ्यांत जास्त जोर एकाच गोष्टीवर देणार आहे: ब्रेकवर आणि क्लचवर हवा मारू नका, आधी ओलं करा. बाकीच्या गोष्टी जमतील तशा करा, ही मात्र पहिल्या दिवसापासून करा.

आधी धूळ काय आहे ते समजून घ्या

अ‍ॅस्बेस्टॉस हे जमिनीतून निघणारं तंतुमय खनिज. उष्णतेला दाद देत नाही, घासलं तरी टिकतं आणि स्वस्त पडतं, म्हणून ब्रेक लायनर (शूवरचा घासला जाणारा थर) आणि क्लच प्लेटमध्ये ते अनेक दशकं वापरलं गेलं. यात बहुतेक करून क्रायसोटाइल, म्हणजे पांढरं अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. जुन्या लायनरमध्ये वजनाच्या जवळपास निम्म्यापर्यंत. त्याचे तंतू केसापेक्षा शेकडो पटींनी बारीक असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, नाकाला वास येत नाही, घशात खवखवही होत नाही. शांत हवेतही ते तासन्‌तास तरंगत राहतात. म्हणजे तुम्ही दुपारी ड्रमवर हवा मारलीत, तर संध्याकाळी त्याच गाळ्यात चहा पिणाराही ते ओढत असतो.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने सर्व प्रकारच्या अ‍ॅस्बेस्टॉसला पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कॅन्सर होतो हे सिद्ध झालेल्या पदार्थांत ठेवलं आहे. फुफ्फुसाचा कॅन्सर होतो. फुफ्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा नावाचा कॅन्सर होतो. आणि भरपूर धूळ वर्षानुवर्षं गेली तर अ‍ॅस्बेस्टॉसिस होतो, ज्यात फुफ्फुसं आतून जाड आणि कडक होत जातात. हे आजार बहुधा २० ते ४० वर्षांनी वर येतात. विसाव्या वर्षी खाल्लेल्या धुळीचा हिशेब पन्नाशीत येतो, म्हणून गॅरेजमधली जुनी माणसं खरंच मनापासून म्हणतात, "मी तीस वर्षं हवा मारतोय, मला काय झालं?"

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ब्रेक लागताना लायनर इतका तापतो की त्यातल्या क्रायसोटाइलचा मोठा भाग बदलून वेगळंच खनिज तयार होतं. त्यामुळे ड्रममधल्या जुन्या धुळीत अ‍ॅस्बेस्टॉसचं प्रमाण मूळ लायनरपेक्षा बरंच कमी असतं. कमी असतं, शून्य नसतं. आणि अमुक इतकं गेलं तर चालतं अशी सुरक्षित पातळी कोणी दाखवून दिलेली नाही. याउलट नवा लायनर घासला, कापला, त्याला भोक पाडलं, तर निघणारी धूळ ताजी, न तापलेली असते. म्हणून लायनर चढवण्याचं आणि घासण्याचं काम जिथे होतं, तिथला माणूस ड्रम उघडणाऱ्यापेक्षा जास्त धोक्यात असतो.

"आता सगळं नॉन-अ‍ॅस्बेस्टॉस आलंय" असं तुम्हाला सांगितलं जाईल. युरोपियन युनियनमध्ये २००५पासून पूर्ण बंदी आहे, अमेरिकेने मार्च २०२४मध्ये क्रायसोटाइलवर बंदीचा अंतिम नियम काढला. भारतात क्रायसोटाइलवर सरसकट बंदी नाही आणि ते बाहेरून आयातही होतं. चांगल्या कंपन्यांचे बरेच लायनर आता अ‍ॅस्बेस्टॉसमुक्त असतात हे खरं. पण समोरच्या टेम्पोला मागच्या वेळी कोणी, कुठल्या दुकानातून, कोणता सुटा लायनर चढवला होता, हे तुम्हाला कळायला मार्ग नाही. रंग, वजन, वास यावरून ओळखता येत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली तपासावं लागतं. त्यामुळे सोपा नियम ठेवा: खात्री नाही तोवर प्रत्येक ब्रेक आणि कोरडा क्लच अ‍ॅस्बेस्टॉसचाच समजून काम करा.

कोणत्या कामात धूळ, कोणत्या कामात नाही

सगळीकडे सारखंच घाबरून काम होत नाही, म्हणून फरक लक्षात घ्या.

ड्रम ब्रेक सर्वांत वाईट, कारण ड्रम बंद डब्यासारखा असतो आणि झिजलेली सगळी धूळ आतच साठते. रिक्षाची तिन्ही चाकं, टेम्पो, ट्रक, बहुतेक लहान गाड्यांची मागची चाकं, हे सगळं यात आलं. डिस्क ब्रेक उघडा असतो, बरीच धूळ रस्त्यावरच उडून गेलेली असते. तरी कॅलिपरच्या खाचेत आणि रिमच्या आतल्या बाजूला ती चिकटलेली असते.

कारचा, टेम्पोचा, ट्रकचा क्लच कोरडा असतो. गिअरबॉक्स उतरवला की बेल हाउसिंगमध्ये, म्हणजे क्लच झाकणाऱ्या कवचात, धुळीचा थर दिसतो, आणि तुम्ही नेमके त्याच्या खाली, तोंड वर करून झोपलेले असता. मोटरसायकलचा आणि नेहमीच्या रिक्षाचा क्लच ऑइलमध्ये बुडालेला असतो; तिथे धुळीचा प्रश्न जवळपास नाही. गिअर नसलेल्या स्कूटरचं मात्र विसरलं जातं. तिच्या बेल्टच्या कव्हरमागे कोरडा क्लच शू असतो आणि कव्हर उघडलं की काळी पूड सांडते. दिवसाला स्कूटरच्या चार-पाच सर्व्हिसिंग करणारी पोरं ती पूड सर्रास हवेने उडवतात. तिथेही हाच नियम.

पायरी १: जागा आणि सामान

मुंबईत गाळा म्हणजे दहा बाय पंधरा, आणि अर्धं काम फुटपाथवर. वेगळी खोली कुणाकडेच नसते. तरी एवढं करता येतं: ब्रेकचं काम गाळ्याच्या एका टोकाला, जिथून वारा बाहेर जातो आणि शेजारी चहाची टपरी किंवा वडापावची गाडी नाही अशा बाजूला करा. काम चालू असताना पंखा बंद ठेवा. पंखा गरम हवेसाठी बरा, पण तो धूळ सगळ्या गाळ्यात फिरवतो. बघ्यांना आणि गाडीमालकाला चार पावलं मागे उभं राहायला सांगा.

सामान असं: हाताने दाब भरायचा दोन लिटरचा फवारा (कुंड्यांना पाणी मारायला मिळतो तोच), पसरट ट्रे किंवा जुनी परात, सुती फडकी, जाड प्लास्टिकच्या पिशव्या, हातमोजे, डोळ्यांवर गॉगल. फवाऱ्यात लिटरभर पाण्याला चमचाभर भांडी घासायचं लिक्विड घाला. हे टाळू नका. साधं पाणी कोरड्या बारीक धुळीवर थेंब होऊन घरंगळतं आणि आतली धूळ कोरडीच राहते. साबण असला की पाणी धुळीत शिरतं.

फवारा धुक्यासारखा बारीक हवा. जोराची धार मारलीत तर ती हवेच्या पाइपासारखीच धूळ उडवते. सर्व्हिस स्टेशनचा प्रेशर वॉशर म्हणूनच या कामाला चालत नाही.

पायरी २: ड्रम उघडणं

इथे घाई करू नका, सगळं काम याच पाच-सात मिनिटांत ठरतं.

गाडी जॅकवर घेऊन घोडी (आधाराचा स्टँड) लावा, चाक काढा. ट्रे ड्रमच्या बरोबर खाली सरकवा. आता ड्रम ओढायच्या आधीच फवारा सुरू करा: ड्रम आणि मागची प्लेट यांच्यामध्ये जी बारीक फट असते तिच्यावर चारी बाजूंनी, आणि प्लेटमागच्या अ‍ॅडजस्टरच्या भोकातून आत. पाणी आत झिरपायला दोन-तीन मिनिटं द्या. खालून गढूळ काळसर पाणी ट्रेमध्ये ठिबकायला लागलं की आतली धूळ भिजली असं समजा. ठिबकत नसेल तर अजून मारा.

ड्रम अडकला असेल तर सवयीने हातोडा घेतला जातो. प्रत्येक ठोक्याला फटीतून धुळीचा ढग निघतो आणि तो नेमका तुमच्या नाकाच्या उंचीवर असतो. त्याऐवजी आधी हँडब्रेक सोडलाय का बघा, अ‍ॅडजस्टर मागे घेऊन शू सैल करा. बऱ्याच मारुती गाड्यांच्या मागच्या ड्रमला आटे पाडलेली दोन भोकं असतात. त्यांत ८ मिलिमीटरचे दोन बोल्ट घालून दोन्ही आळीपाळीने थोडे थोडे आवळत गेलं की ड्रम आपोआप पुढे येतो. वेळही हातोड्यापेक्षा कमीच लागतो.

ड्रम निघाला की तो आपटू नका, उलटा करून झटकू नका. जसा आहे तसा ट्रेमध्ये ठेवून आतून फवारा मारा. मग हब, शू, स्प्रिंग, प्लेट, सगळं वरून खाली ओलं करा, आणि ओलं असतानाच फडक्याने पुसा. फडकं एकदाच वापरायचं, पिळून पुन्हा नाही. ते सरळ पिशवीत. जुने शू काढायच्या आधी हे सगळं झालेलं हवं. स्प्रिंग सुटताना जो झटका बसतो त्यात कोरडी धूळ उडते.

अमेरिकेच्या कामगार सुरक्षा संस्थेने, ओशाने, ब्रेक आणि क्लचच्या कामासाठी वेगळे नियमच केले आहेत. ज्या गॅरेजमध्ये आठवड्याला पाच जोड्या ब्रेक किंवा पाच क्लचपर्यंतच काम होतं, तिथे ही ओली पद्धत चालते. त्याहून जास्त काम असेल तर ब्रेकभोवती पेटीसारखं आवरण आणि हेपा फिल्टरचा व्हॅक्यूम, किंवा कमी दाबाने सतत पाणी सोडणारं वॉशर वापरावं लागतं. तुमच्या मालकाला परवडत असेल तर हे वॉशर चांगलंच. खाली टाकी, वर ब्रश, आणि तेच द्रावण फिरत राहतं. साधा घरगुती किंवा गाडी साफ करायचा व्हॅक्यूम मात्र कधीही वापरू नका. त्याच्या पिशवीतून हे तंतू आरपार जातात आणि मागच्या झडपेतून सगळ्या गाळ्यात फवारले जातात. हेपा म्हणजे ०.३ मायक्रॉनच्या कणांपैकी ९९.९७ टक्के अडवणारा फिल्टर. तसं लिहिलेलं नसेल तर तो हेपा नाही.

मेस्त्री म्हणतील, "पाण्याने ड्रम गंजेल." ड्रमवर हलका तांबूस थर येतो, तो चार ब्रेकमध्ये निघून जातो. बेअरिंगच्या ग्रीसवर आणि व्हील सिलिंडरच्या रबरी बुटात पाणी जाणार नाही एवढं बघा. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: ओला किंवा साबण लागलेला लायनर ब्रेक पकडत नाही. नवे शू बसवायच्या आधी ड्रम साध्या पाण्याच्या ओल्या फडक्याने, मग कोरड्या फडक्याने पुसून घ्या, आणि गाडी मालकाच्या हातात द्यायच्या आधी मोकळ्या जागी सावकाश चालवून ब्रेक पाच-सहा वेळा दाबून खात्री करा. यात कसूर नको.

आता स्प्रेच्या डब्यातल्या ब्रेक क्लीनरबद्दल. काही क्लीनरमध्ये एन-हेक्सेन असतं आणि ते बंद जागेत रोज हुंगलं गेलं तर हातापायांच्या नसा खराब होतात. मुंग्या आणि बधिरपणा बोटांपासून सुरू होतो. ते कोरड्या धुळीवर जोरात मारलं तर धूळ उडवतंच. शेवटचं तेलकट पुसायला फडक्यावर थोडं घ्या, तेवढंच. पेट्रोलने ब्रेक धुणं तर पूर्ण बंद करा. गाळ्यात वेल्डिंगची ठिणगी कुठून येईल सांगता येत नाही.

पायरी ३: क्लच

गिअरबॉक्स सोडवायच्या आधी बेल हाउसिंगला तपासणीची झाकणी किंवा भोक असेल तर तिथून फवारा आत मारा. गिअरबॉक्स खाली घेताना गॉगल आणि मास्क लावलेलाच हवा, कारण पहिला धुळीचा लोट त्याच वेळी तोंडावर येतो. खाली आला की प्रेशर प्लेट सोडायच्या आधी ती, फ्लायव्हील आणि हाउसिंगची आतली बाजू भिजवा. बोल्ट थोडे थोडे सैल करत प्लेट ओलीच उतरवा आणि तशीच पिशवीत घाला. फ्लायव्हील ओल्या फडक्याने पुसा. पॉलिश पेपर मारायचाच असेल तर ओला करून मारा.

एक सवय मोडायची आहे: जुनी क्लच प्लेट कानाजवळ हलवून स्प्रिंग सैल आहे का ते ऐकणं, आणि फुंकर मारून रिव्हेट बघणं. भिजवून पुसा, मग बघा.

पायरी ४: लायनर घासणं टाळा

शूवर चमक आली, ब्रेक आवाज करतो, म्हणून लायनर कोरड्या पॉलिश पेपरने घासणं ही गॅरेजमधली रोजची गोष्ट. ट्रकच्या लायनरमध्ये तर रिव्हेट ड्रिलने उडवायचे, नवे ठोकायचे, मग कडा ग्राइंडरवर उतरवायच्या. वर सांगितलं तसं, ताजे तंतू इथे सुटतात.

नवीन गॅरेजवाल्याला माझा स्पष्ट सल्ला: सुटा लायनर घेऊन शूवर चढवायचं काम स्वतः करू नका. कारखान्यात लायनर चिकटवलेला, मापात घासलेला तयार शू घ्या. थोडा महाग पडतो, पण ग्राइंडरच वाचतो. ऑपेरा हाउसच्या स्पेअर पार्टच्या बाजारात किंवा जवळच्या दुकानात माल घेताना बंद खोका, त्यावर कंपनीचं नाव आणि अ‍ॅस्बेस्टॉसमुक्त असल्याचा छापील उल्लेख बघा, आणि पक्कं बिल घ्या. खोक्याशिवाय, वर्तमानपत्रात गुंडाळून मिळणारा लायनर दहा मिनिटांत बसेल, पण त्यात काय आहे ते दुकानदारालाही माहीत नसतं.

जिथे लायनर चढवण्याचंच काम शिकायचं आहे, तिथे ग्राइंडरला धूळ ओढणारी यंत्रणा आहे का, हे पहिल्याच दिवशी बघा. नसेल तर ते काम शिकण्यासाठी दुसरी जागा शोधा. अ‍ॅस्बेस्टॉस असलेल्या ब्रेक-क्लचच्या मालासाठी भारतीय मानक संस्थेचं आयएस ११७६९, भाग २ हे सुरक्षिततेचं मानक आहे; मोठ्या वर्कशॉपच्या मालकाशी बोलताना त्याचा आधार घेता येतो.

मास्क: काय चालतो, काय नाही

रुमाल, गमछा, हिरवा सर्जिकल मास्क यांचा या तंतूंपुढे काही उपयोग नाही. ते लावल्याने आपण सुरक्षित आहोत असं वाटतं आणि माणूस धुळीच्या जास्त जवळ जातो, म्हणून कधीकधी नुकसानच. एन९५ हा काहीच नसण्यापेक्षा बरा. पण अमेरिकेच्या नियमांत अ‍ॅस्बेस्टॉसच्या कामाला एकदा वापरून फेकायचा मास्क चालत नाही. खरा मास्क म्हणजे रबराचा अर्धा चेहरा झाकणारा, दोन्ही बाजूंना पी१०० किंवा पी३ (बारीक कण अडवणारे वरच्या दर्जाचे) फिल्टर लावायचा. औद्योगिक सुरक्षेचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतो आणि फिल्टर बदलून बराच काळ चालतो.

लावल्यावर दोन्ही फिल्टर तळव्यांनी झाका आणि श्वास आत ओढा. मास्क चेहऱ्याला चिकटला, कुठून हवा आली नाही, तर बरोबर बसला. दाढी असेल तर तो बसत नाही, मग कितीही महाग असो. काम संपल्यावर मास्क शेवटी काढायचा: आधी हातमोजे आणि वरचे कपडे, मग मास्क.

तरीही मास्क हा दुसरा उपाय. मे महिन्याच्या उकाड्यात पत्र्याखाली दिवसभर रबरी मास्क लावून कोणी काम करू शकत नाही, हे मला माहीत आहे. धूळ भिजवली असेल तर मास्क पंधरा-वीस मिनिटंच लागतो.

कपडे, जेवण आणि घर

कामाचे कपडे घरी नेऊ नका. अ‍ॅस्बेस्टॉसच्या कामगारांचे कपडे घरी धुणाऱ्या बायकांना मेसोथेलिओमा झाल्याच्या नोंदी जगभर आहेत. त्या कधी कारखान्यात गेल्याही नव्हत्या. चाळीतल्या किंवा झोपडपट्टीतल्या एका खोलीत तुमचा शर्ट ज्या खुंटीवर टांगता, त्याखालीच लहान मूल झोपतं. गॅरेजमध्येच एक जुना डगला ठेवा. तो झटकायचा नाही, कंप्रेसरने अंगावरची धूळ उडवायची नाही. काढून बादलीत बुडवायचा, भिजल्यावरच धुवायचा, घरच्या कपड्यांत मिसळायचा नाही.

बरेच हेल्पर रात्री गॅरेजमध्येच झोपतात. गावाहून आलेल्या मुलाला मुंबईत दुसरी जागा नसते. तुम्ही त्यातले असाल तर अंथरूण दिवसा प्लास्टिकच्या मोठ्या पिशवीत बांधून ठेवा, शक्य असेल तर पोटमाळ्यावर झोपा, आणि संध्याकाळी जमीन कोरड्या झाडूने झाडण्याऐवजी पाणी शिंपडून ओल्या फडक्याने पुसून घ्या. मालकाला एवढं सांगायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

वडापाव हातात घ्यायच्या आधी हात कोपरापर्यंत साबणाने धुवा, तोंड धुवा. बिडी-सिगारेट ओढत असाल तर हे वाक्य दोनदा वाचा: अ‍ॅस्बेस्टॉस आणि धूम्रपान एकत्र आले की फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका नुसता मिळवला जात नाही, तो गुणला जातो. सिगारेट सोडणं हा या सगळ्यातला सर्वांत स्वस्त बचाव आहे.

कचरा

ट्रेमधलं गढूळ पाणी गटारात ओतलं की ते नाल्यातून नदी-खाडीत जातं, आणि वाटेत जे सुकतं ते पुन्हा हवेत येतं. त्यात लाकडाचा भुसा किंवा जुनी फडकी टाकून शोषून घ्या आणि ओलं असतानाच पिशवीत भरा. पिशवीवर दुसरी पिशवी, तोंड घट्ट बांधून वर ठळक अक्षरांत "ब्रेकची धूळ, उघडू नये" असं लिहा. पालिकेच्या कचऱ्याच्या गाडीत सुटी टाकू नका. ती पिशवी पुढे कोणीतरी हाताने फोडून प्लास्टिक वेगळं करणार असतं. मुंबई परिसरातला घातक कचरा तळोज्याच्या प्रक्रिया केंद्रात जातो. एकट्या छोट्या गॅरेजचा कचरा तिथवर नेणं अवघड, पण रस्त्यावरच्या दहा-बारा गॅरेजवाल्यांनी मिळून महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे अधिकृत वाहतूकदाराची चौकशी केली तर जमू शकतं. मंडळाचं मुख्यालय सायनला आहे. भंगारवाल्याला जुने शू देताना ओले पुसून, पिशवीत बांधून द्या.

मेस्त्री ऐकत नसेल तर

हे सगळ्यांत अवघड. शिकायला आलेला मुलगा उस्तादाला "हे चूक आहे" असं म्हणू शकत नाही. तसं म्हणूही नका. "उस्ताद, चाक काढून होईपर्यंत मी पाणी मारून ठेवतो, तुमच्या तोंडावर धूळ येणार नाही," असं म्हणा आणि ते काम स्वतःकडे घ्या. पाणी मारायचं काम हेल्परचंच झालं की कंप्रेसरचा पाइप आपोआप बाजूला पडतो. मालकाशी बोलायचं असेल तर गिऱ्हाइकाच्या बाजूने बोला: धूळ न उडवणारं, ओल्या पद्धतीने ब्रेक करणारं गॅरेज अशी पाटी लावता येते. तरीही कोणी हवा मारायला सुरुवात केली, तर लगेच तिथून बाहेर जा. धूळ थोड्या वेळात बसेल असं समजू नका. तंतू तासाभरातही बसत नाहीत. परत याल तेव्हा आधी फवारा मारून जमीन पुसा.

आणि मालक असाल तर: चौदा वर्षांखालच्या पोराला कामावर ठेवणं गुन्हा आहे. अठरा पूर्ण होईपर्यंत कोणाच्याही हातात ब्रेकचं आणि क्लचचं काम देऊ नका. कोवळ्या वयात गेलेल्या तंतूंना आजार करायला पुढे सगळं आयुष्य मिळतं.

छातीची तपासणी आणि तुमची वही

कामाला लागल्याच्या पहिल्या वर्षातच छातीचा एक एक्स-रे आणि फुंकून करायची फुफ्फुसाची चाचणी, स्पायरोमेट्री, करून घ्या आणि फिल्म जपून ठेवा. तुमची फुफ्फुसं सुरुवातीला कशी होती याचा तो पुरावा. केईएम, सायन, नायर या पालिकेच्या मोठ्या हॉस्पिटलांत छातीच्या विकारांची ओपीडी आहे. तुमच्या गॅरेजला ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा योजना, लागू असेल (साधारणपणे दहा किंवा अधिक कामगार, २०१७मध्ये वेतनमर्यादा महिना २१,००० रुपये ठरली) तर कार्ड काढायला लावा. अ‍ॅस्बेस्टॉसिस हा कायद्याच्या यादीतला व्यवसायजन्य आजार आहे, त्यावर भरपाईचा हक्क लागतो.

मुंबईत महिनाभर खोकला म्हटलं की डॉक्टर आधी टीबी बघतात, आणि ते योग्यच आहे. थुंकीची तपासणी जरूर करा. पण टीबी निघाला नाही, कोरडा खोकला आणि जिना चढताना दम लागणं वाढतच गेलं, तर स्वतःहून सांगा: "मी इतकी वर्षं ब्रेक आणि क्लचचं काम केलंय, हवा मारून धूळ उडवलीय." डॉक्टर विचारतीलच असं नाही. धंदा कळला की ते एक्स-रे वेगळ्या नजरेने बघतात, गरज पडली तर सीटी स्कॅन करतात.

सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ला अ‍ॅस्बेस्टॉस उद्योगातल्या कामगारांच्या खटल्यात आरोग्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला, आणि कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी किमान ४० वर्षं सांभाळायला सांगितल्या. तुमच्या गॅरेजमध्ये अशी नोंद कोणी ठेवणार नाही. तीस वर्षांनी त्या गाळ्याच्या जागी टॉवर उभा असेल, मालक गावी गेलेला असेल, मेस्त्री सापडणार नाही. म्हणून एक साधी वही करा. गॅरेजचं नाव आणि पत्ता, कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत काम केलं, कोणत्या गाड्या, ब्रेक किती, क्लच किती, लायनर घासायचं काम होतं का, मालकाचं नाव, सोबत काम करणाऱ्या दोघांची नावं. पगाराची चिठ्ठी किंवा ऑनलाइन आलेल्या पैशाची नोंद त्यात चिकटवा. गॅरेज बदललं की नवं पान. मोबाइलमध्ये त्या पानांचा फोटो काढून घरच्या एका माणसाला पाठवून ठेवा, आणि एक्स-रेची फिल्म त्याच वहीसोबत ठेवा.